रात्रीचा सातबारा

पुण्या-मुंबईचे पाहुणे मिरजेला आले की दुसऱ्या दिवशी संध्याकाळी हमखास विचारतात, ‘‘तुमच्या गावात रात्री लोक करतात तरी काय?’’ विचारण्यात थोडी कीव असते. त्यांच्याकडे पब असतात, मॉल असतात, मध्यरात्री आइस्क्रीम खायला जायची सोय असते. आमच्याकडे साडेनऊला शटर खाली आणि दहाला दिवे बंद, अशी त्यांची समजूत.

खरं सांगायचं तर मिरज कधीच पुरतं झोपलं नाही. हे जंक्शनचं गाव. एकेकाळी या एकाच स्टेशनात मीटरगेज, ब्रॉडगेज आणि नॅरोगेज अशा तिन्ही मापांचे रूळ होते. रात्री-बेरात्री गाडी बदलणारे लोक फलाटावर वळकट्या टाकून पडलेले असायचे. दुसरं म्हणजे हे दवाखान्यांचं गाव. डॉ. वॉन्लेस यांचं मिशन हॉस्पिटल एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी इथे उभं राहिलं आणि कर्नाटकापासून कोकणापर्यंतचे रोगी मिरजेला येऊ लागले. जिथे रोगी तिथे नातेवाईक, आणि जिथे नातेवाईक तिथे रात्रभर चहा. पहाटे तीन वाजता पातेल्यात चहा उकळतोय आणि औषधाच्या दुकानासमोर रांग आहे, हे दृश्य मी लहानपणापासून पाहत आले.

मग आम्ही रात्री करतो काय? गाडीची वाट पाहतो, रोग्याच्या उशाशी बसतो, वर्षातून काही रात्री गाणं ऐकतो आणि काही रात्री नाचतो. पण ‘आम्ही’ म्हणजे कोण, हा खरा प्रश्न आहे. रात्रीचा सातबारा काढला तर त्यावर कुणाकुणाची नावं निघतील?

कायद्याने लाउडस्पीकरची रात्र दहाला सुरू होते. केंद्र सरकारच्या २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्री दहा ते सकाळी सहा अशी वेळ धरली आहे. सणासमारंभासाठी वर्षातले जास्तीत जास्त पंधरा दिवस राज्य सरकार बारापर्यंत सूट देऊ शकतं. आमच्या घरी मात्र मुलींची रात्र मगरीबच्या अजानबरोबर सुरू व्हायची. अजान ऐकू आली की लगोरीचा डाव अर्धा टाकून घरात. भावाची रात्र वेगळी. तो जेवून नऊ ते बाराच्या शोला जायचा, येताना स्टेशनवर आम्लेट-पाव खायचा आणि दुसऱ्या दिवशी अंगणात आम्हा बहिणींना पिक्चरची स्टोरी ॲक्शनसकट सांगायचा. आम्ही पाहिलेले कितीतरी सिनेमे असे कानांनी पाहिलेले आहेत.

अब्बा तंतुवाद्यांच्या कारखान्यात पॉलिशचं काम करायचे. वाळत घातलेले मोठे भोपळे, लाकडाचा भुसा आणि पॉलिशचा वास हे माझं बालपण. मिरजेचे शिकलगार मूळचे हत्यारांना धार लावणारे. तलवारी गेल्या आणि हेच हात सतार-तंबोऱ्याकडे वळले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा अब्बा हवे होते असं फार वाटलं. पेशवाईतला नामांकित लावणीकार सगनभाऊ हाही मुसलमान शिकलगारच. म्हणजे गाणंबजावणं आमच्या मोहल्ल्यात बाहेरून आलेलं नाही. ते आमच्या हातातून गेलेलं आहे.

माझ्या वाट्याला आलेली पहिली मोकळी रात्र रतजग्याची. लग्नाच्या आदल्या रात्री बायका जागायच्या. चुलीवर गुलगुले तळले जायचे. ढोलकी एखाद्या खालाच्या मांडीवर जायची, दुसरी कुणी चमच्याने तिच्या लाकडावर ठेका धरायची आणि दखनीतली गाणी सुरू व्हायची. त्या गाण्यांत नवऱ्याची, सासूची, दिराची, सगळ्यांची हजामत. दिवसभर खालच्या आवाजात बोलणाऱ्या बायका रात्री कुणाचीही भीड ठेवत नसत.

आणि मग नाच. माझी दादी त्यात सर्वांत पुढे. एरवी गुडघे दुखतात म्हणून खुर्चीवर नमाज पढणारी बाई, पण रतजग्याला दादांची शेरवानी चढवून, काजळाने मिशा काढून, हातात काठी घेऊन मध्ये उतरायची. कधी फौजदार व्हायची, कधी दुसरं लग्न करायला निघालेला म्हातारा. हसून हसून आमच्या पोटात दुखायचं. मोहल्ल्यातली शहाणीसुरती, चार पोरांची आई असलेली बाई कमरेला ओढणी बांधून अशी काही नाचायची की आम्ही पोरी बघतच राहायचो. ही कुठे शिकली? कुणी शिकवलं? वर्षभर कुठे ठेवते हे सगळं?

मध्येच दाराबाहेर कुणीतरी खाकरायचं. तेवढं पुरे असायचं. ढोलकी थांबायची, पदर डोक्यावर यायचे, दादी मिशा पुसायला आत पळायची. कुणी चुलता पाण्याची घागर ठेवून निघून गेला की पुन्हा ठेका सुरू. माझ्या लक्षात राहिलं ते हे. आमचा नाच एका खाकरण्याच्या अंतरावर होता.

दुसरी रात्र उरुसाची. ख्वाजा मीरासाहेबांचा उरूस म्हणजे अख्ख्या मिरजेचा सण. पहिला गलेफ चर्मकार समाजाचा, हा मान पूर्वापार चालत आलेला. पाळणे, बांगड्यांची दुकानं, भजी, कव्वाली, आणि दर्ग्याच्या आवारात शास्त्रीय गायन. किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले आणि इथल्याच दर्ग्याच्या आवारात त्यांची कबर आहे. १९३७ मध्ये पाँडिचेरीकडे जाताना वाटेत एका रेल्वे स्टेशनवर त्यांचं निधन झालं आणि त्यांना मिरजेला आणलं गेलं. त्यांच्या नावाने उरुसात गवई हजेरी लावतात. मोठमोठे कलावंत इथे बिदागीचा हिशेब न करता गातात, ही मिरजेची श्रीमंती.

आम्ही बायका तिथे एका कडेला सतरंजीवर बसायचो. अम्मीला रागदारीतलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ती पहाटेपर्यंत उठायची नाही. म्हणायची, ‘‘घरात बसून रात्र संपता संपत नाही, इथं कशी सरते कळत नाही.’’ गाण्याबद्दल इतकं खरं बोलणं मी पुढे मोठ्या समीक्षकांकडूनही ऐकलं नाही.

मंचावर एखादी गायिका आली की मी सावरून बसायची. खाँसाहेबांची मुलगी हिराबाई बडोदेकर १९०५ मध्ये याच मिरजेत जन्मली. ज्या काळात घरंदाज बाईने लोकांसमोर गाणं म्हणजे अब्रूचा प्रश्न होता, त्या काळात तिकीट लावून जाहीर मैफली करणाऱ्या पहिल्या काही स्त्रियांमध्ये त्यांचं नाव घेतलं जातं. साधी नऊवारी, अंगभर पदर, आणि समोर तिकीट काढून आलेले पुरुष. त्यांनी रात्रीचा मंच मिळवला तो असा. पण त्या मंचासमोर बसणाऱ्या बाईला घरून एकटीने येता येतं का? हा प्रश्न मंचाचा नव्हता, रस्त्याचा होता.

तिसरी रात्र अनंत चतुर्दशीची. मिरजेची विसर्जन मिरवणूक प्रसिद्ध आहे ती तिच्या लांबीसाठी. आज सुरू झालेली मिरवणूक उद्या संपते. रस्त्यावर उंचच उंच स्वागत कमानी. माझा भाऊ आणि मोहल्ल्यातली पोरं बँडपुढे, ताशापुढे बेभान नाचायची. कोण हिंदू, कोण मुसलमान, हे गुलालाने माखल्यावर कळायचं कसं? आम्ही पोरी एका ओळखीच्या घराच्या गच्चीवरून पाहायचो. नाचणारे खाली, पाहणाऱ्या वर. आमच्या शेजारी ब्राह्मण, जैन, लिंगायत घरांतल्या मुली असायच्या. त्याही गच्चीवरच. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की गच्ची ही काही एकट्या मुसलमानांची नाही.

सप्टेंबर २००९ मध्ये गणेशोत्सवातल्या एका कमानीवरच्या चित्रावरून मिरजेत दंगल पेटली. संचारबंदी लागली. सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरपर्यंत त्याची झळ गेली. ज्या चौकात भाऊ नाचला होता तिथे काचांचा सडा होता आणि पोलिसांच्या शिट्ट्या. रात्री इतकी शांतता की स्टेशनवरची अनाउन्समेंट घरात स्पष्ट ऐकू यायची. भाऊ अस्वस्थ होऊन घरात येरझारा घालायचा. माझी मुलगी तेव्हा दहा वर्षांची. तापाने फणफणली म्हणून भाऊ औषध आणायला निघाला, तर कोपऱ्यावर त्याला डॉक्टरची चिठ्ठी दाखवावी लागली. परत आला तो संतापून. ‘‘आपल्याच गावात, आपल्याच गल्लीत, बाहेर का पडलास म्हणून विचारतात!’’

मी काही बोलले नाही. पण मनात आलं, घराबाहेर पडायला कारण दाखवावं लागतं हा नियम भाऊ, तुला आज पहिल्यांदा लागला. आम्हाला तो जन्मापासून लागू आहे.

त्यानंतर भाऊ मिरवणुकीत नाचला नाही. मिरवणुका पुन्हा निघाल्या, शांतता समितीच्या बैठका झाल्या, गावाने स्वतःला सावरलं. तो रस्त्याच्या कडेला उभा राहून पाहतो. दंगलीचे हिशेब जळालेल्या गाड्यांत आणि फुटलेल्या दुकानांत होतात. थांबलेल्या पावलांचा पंचनामा कुणी करत नाही.

इकडे घरातला नाचही आटत चालला होता. लग्नं अंगणातून शादीखान्यात गेली. ढोलकीच्या जागी डीजे आला. छातीत धडधड व्हावी असा आवाज, आणि नाचणारे पुन्हा पुरुषच. मग धर्माची आठवण करून देणारे पुढे आले. काही ठिकाणी जाहीर झालं, डीजे लावाल तर निकाह पढवणार नाही. डीजेबद्दल माझीही तक्रार आहे. म्हाताऱ्या, आजारी माणसांचे हाल होतात आणि गरीब बाप कर्ज काढून त्याचं भाडं भरतो. पण डीजेबरोबर ढोलकीही गेली. स्पीकर बंद करायला निघालेल्यांनी चमच्याचा ठेकाही बंद केला. गुलगुले आता कॅटररकडून येतात आणि बायका मोबाइलवर व्हिडिओ पाहत बसतात. दादीची शेरवानी कपाटात आहे.

नाचगाणं म्हणजे सरसकट गुनाह असं सांगणाऱ्यांना मी आपली एक हदीस आठवून देते. ईदच्या दिवशी हजरत आयेशांच्या घरी दोन मुली गात होत्या. हजरत अबू बकर रागावले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना थांबवलं. आज ईद आहे, गाऊ द्या, असा त्या बोलण्याचा आशय. आणि ईदलाच मशिदीत हबशी लोक भाल्यांचा खेळ करत होते, तो पैगंबरांनी हजरत आयेशांना मन भरेपर्यंत पाहू दिला. या गोष्टी आलिम लोकांना माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहेत. सांगताना मात्र त्या वगळल्या जातात. आपल्या मजहबने मुलीला बापाच्या मालमत्तेत वाटा दिला, त्याचा आपण अभिमान सांगतो. मग खुशीच्या मिळकतीत तिचा वाटा कुणी लिहून घेतला?

१९८२ मध्ये जळगावात मुस्लिम स्त्रियांनी सिनेमाला जायचं नाही असा फतवा काही पुढाऱ्यांनी काढला होता. रझिया पटेल या तरुण मुलीने त्याविरुद्ध लढा दिला. पुढे त्यांचं ‘चाहूल’ वाचलं तेव्हा मला माझी लगोरी, भावाचा शो, गच्ची, सगळं आठवलं. काही लोक तेव्हा म्हणाले असतील, तलाक, शिक्षण, रोजगार असे मोठे प्रश्न सोडून सिनेमा काय घेऊन बसलात? मला वाटतं, त्या मुलीने नेमकी जागा ओळखली. बाईला दुःखासाठी बाहेर पडायची परवानगी सगळेच देतात. ती सुखासाठी बाहेर पडली की मालक कोण ते कळतं.

हे मी पुस्तकावरून बोलत नाही, घरात पाहते आहे. माझी मुलगी इथल्या एका रुग्णालयात नर्स आहे. इमर्जन्सी केस आली की तिला यायला रात्रीचे दोन वाजतात. चौकात पानपट्टीवर बसलेली माणसं म्हणतात, ‘‘बेटी दमून आली.’’ तिच्या कामाचं मोहल्ल्यात कौतुक आहे. मागच्या वर्षी तिच्या वॉर्डातल्या एका मैत्रिणीच्या हळदीला ती गेली. तिथे पोरी मनसोक्त नाचल्या. ती साडेअकराला स्कूटीवरून घरी आली. घाम, विस्कटलेले केस, आणि चेहऱ्यावर असं हसू की मला एकदम मिशीवाली दादी आठवली.

दुसऱ्या दिवशी असरनंतर मोहल्ल्यातले एक बुजुर्ग आले. चहा झाला, हवापाणी झालं. मग माझ्या नवऱ्याला म्हणाले, ‘‘मास्तर, बुरा मानू नका. पोरगी काल फार रात्री आली. लोकांच्या नजरेत येतं.’’

नवरा शांत माणूस. म्हणाला, ‘‘चाचा, गेल्या आठवड्यात ती दोनला आली होती.’’

‘‘तेव्हा ड्यूटी होती.’’

‘‘काल खुशी होती. पोरगी तीच, रस्ता तोच, स्कूटीपण तीच.’’

चाचा थोडा वेळ गप्प बसले. वाईट माणूस नाही. दंगलीत याच माणसाने आमच्या गल्लीतल्या हिंदू दुकानदाराच्या दारात रात्रभर खुर्ची टाकली होती. उठताना म्हणाले, ‘‘काळजी वाटते मास्तर, दुसरं काही नाही.’’ आणि ते खरं होतं. काळजी मलाही वाटते. स्टेशन रोड सोडला तर निम्म्या गल्ल्यांत दिवा नाही. कुत्री आहेत, दारू पिऊन वाट अडवणारे आहेत. पण काळजीचा इलाज काय? मुंबईच्या शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे या तिघींनी २०११ मध्ये ‘व्हाय लॉयटर?’ नावाचं पुस्तक लिहिलं. उगाच भटकण्याचाही बाईला हक्क आहे, हे त्यांचं म्हणणं. मुंबई मोठी. पण मुद्दा मिरजेलाही लागू पडतो. रस्त्यावर बाया नाहीत म्हणून रस्ता भीतीचा, आणि भीतीचा म्हणून बाया नाहीत. हा गुंता घरात बसून सुटणार नाही. महाराष्ट्रात २०१७ च्या कायद्याने दुकानांना चोवीस तास उघडं राहायची वाट मोकळी केली. मिरजेतली शटरं अजून आपल्या वेळेलाच पडतात. मला वाटतं, चौकातल्या चहाच्या गाड्यावर रात्री अकराला चार बायका नुसत्या गप्पा मारत उभ्या राहिल्या, तर पाचवीला पोलिसापेक्षा त्यांचा आधार जास्त वाटेल.

हे मी नुसतं म्हणत बसले नाही. यंदाच्या उरुसात आम्ही सात जणी गेलो. मी, माझी मुलगी, तिच्या दोन मैत्रिणी, माझी वहिनी, शेजारच्या जैन वहिनी आणि त्यांची सासू. कुणाचा भाऊ, नवरा, मुलगा बरोबर घेतला नाही. पाळण्यात बसलो, भजी खाल्ली, सतरंजीवर बसून गाणं ऐकलं. येताना स्टेशनवर आम्लेट-पाव खाल्ला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात मी तो पहिल्यांदा तिथे उभी राहून खाल्ला. भाऊ इतकी वर्षं ज्याची तारीफ करायचा, तो तसा साधाच निघाला. मिरची मात्र झणझणीत. गाडेवाल्याने एकदाच विचारलं, ‘‘पेशंट कोण आहे, ताई?’’ वहिनी म्हणाली, ‘‘कुणी नाही. सगळ्या बऱ्या आहेत.’’

मुलीचं लग्न ठरतं आहे. डीजे नको, हे तिचंच म्हणणं. तिला रतजगा हवा आहे, ढोलकी हवी आहे, आणि दादीची शेरवानी तिने आत्ताच उन्हात टाकून ठेवली आहे. फक्त एक अट घातली. त्या रात्री अंगणाच्या दाराला कडी लावायची नाही. बाहेर कुणी खाकरलं तर खाकरू दे, ढोलकी थांबणार नाही. ज्याला यायचं असेल त्याने आत येऊन गुलगुले खावेत.

जमिनीवर नाव लावायचं तर नुसता अर्ज पुरत नाही, वहिवाट दाखवावी लागते. रात्रीचंही तसंच असावं. आमच्या मुलींनी वहिवाट सुरू केली आहे. तलाठ्याने नोंद कधी घ्यायची ती घेऊ दे.